गाळाची उधारी

उन्हाळ्यात कल्याणजवळ मोहने इथे उल्हास नदी जलपर्णीखाली झाकून जाते. यंत्रं लावून ती उपसतात, तरी ती पुन्हा पसरते. दोष सांडपाण्याचा, हे खरंच. पण जलपर्णीला लागणारं स्फुरद तळाच्या गाळातूनही येतं.

काठाच्या गाळात पारदर्शक नळी उभी खुपसून, वरून बूच लावून अलगद काढली. वर तांबूस, पातळ थर. खाली काळा चिखल, त्याला सडक्या अंड्याचा वास. तांबूस रंग लोहाच्या गंजाचा. आपली माती बेसॉल्टची, त्यामुळे लोहाला तोटा नाही. पाण्यात प्राणवायू आहे तोवर हा गंज फॉस्फेटच्या रूपातलं स्फुरद धरून ठेवतो.

तसाच गाळ आणि नदीचं पाणी दोन बरण्यांत भरलं. एकीत मत्स्यपेटीचा पंप सोडला, दुसरी घट्ट बंद करून अंधारात ठेवली. काही दिवसांत बंद बरणीतला तांबूस थर नाहीसा झाला. दोन्हींतलं पाणी गाळून त्यात आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट आणि ऍस्कॉर्बिक आम्ल घातलं. पंपाच्या बरणीतलं पाणी फिकट निळं, बंद बरणीतलं गडद. निळा जितका गडद, तितका फॉस्फेट जास्त.

ही करामत जिवाणूंची. कुजकी पानं, मैला, निर्माल्य यांतलं स्फुरद ते विकरांनी सुटं करतात आणि त्या कामात प्राणवायू संपवतात. मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू प्राणवायूऐवजी गंजातलं लोह वापरून श्वसन करतात. लोह विरघळतं, धरलेला फॉस्फेट पाण्यात सुटतो. इंग्लंडमधल्या सरोवरांवर काम करून क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ सालीच गाळातला प्राणवायू, लोह आणि फॉस्फेट यांचं हे नातं मांडलं होतं. ठाण्याच्या खाडीत आणखी एक भर पडते: खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू सल्फाइड बनवतात, ते लोहाला बांधून टाकतं, आणि फॉस्फेट धरायला लोहच उरत नाही.

वाढीला स्फुरद थोडंच पुरतं: समुद्री प्लवकांत कार्बनच्या १०६ अणूंमागे स्फुरदाचा सरासरी एकच अणू असतो. म्हणजे चिमूटभर स्फुरदावर ढीगभर वाढ. म्हणून उपसलेली जलपर्णी काठावर कुजत ठेवू नये. तिच्यातलं स्फुरद पावसाबरोबर परत नदीत जातं. तलावातल्या कारंज्याची हवा तळापर्यंत पोचत नसेल, तर ते गाळाच्या कामाचं नाही. निर्माल्य कलशातच टाकावं. आणि सांडपाणी आज थांबलं, तरी गाळातली जुनी शिल्लक फिटायला वर्षं लागतील. तेवढा धीर धरावाच लागेल.