वर्ग स्थिरांक

वर्ग स्थिरांक म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एखाद्या वर्गाच्या, म्हणजेच क्लासच्या, व्याख्येत नाव देऊन ठेवलेले आणि प्रोग्रॅम चालू असताना न बदलणारे मूल्य होय. गुणधर्मांची मूल्ये प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये वेगवेगळी असू शकतात. स्थिरांक मात्र संपूर्ण वर्गाचा असतो. त्यामुळे तो वाचण्यासाठी ऑब्जेक्ट निर्माण करावा लागत नाही.

उपयोग

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ही संख्या प्रोग्रॅममध्ये अनेक ठिकाणी लिहिल्यास एखाद्या ठिकाणी चुकून ८६,०४० असे लिहिले जाऊ शकते आणि ती चूक संगणकाला ओळखता येत नाही. संख्येला एकदाच नाव देऊन सर्वत्र ते नाव वापरल्यास, नाव लिहिण्यात झालेली चूक बहुतेक भाषांमध्ये त्वरित उघड होते. शिवाय त्या संख्येचा अर्थही वाचणाऱ्यास समजतो.

विविध भाषांतील पद्धती

* जावा : 'स्टॅटिक' आणि 'फायनल' हे शब्द एकत्र वापरतात. 'मॅथ' वर्गातील 'पीआय' हा असाच स्थिरांक आहे.
* पीएचपी : २००४ मधील पाचव्या आवृत्तीपासून 'कॉन्स्ट' हा शब्द वापरतात. वर्गाचे नाव, दोन अपूर्णविराम व स्थिरांकाचे नाव या क्रमाने तो वाचला जातो. ८.३ या आवृत्तीपासून त्याचा डेटा प्रकारही नमूद करता येतो.
* पायथॉन : मूल्य बदलण्यास भाषेचा प्रतिबंध नाही. नाव मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांत लिहिण्याचा केवळ संकेत आहे.

मर्यादा

जावामध्ये 'फायनल' या शब्दाने केवळ संदर्भ स्थिर होतो. त्यामुळे स्थिरांक म्हणून ठेवलेल्या ॲरेमधील घटक बदलता येतात.

तसेच जावाचा कंपायलर साध्या संख्या व अक्षरमालिकांच्या स्थिरांकांची मूल्ये ते वापरणाऱ्या वर्गांत थेट उतरवतो. मूळ वर्गातील मूल्य बदलून केवळ तोच वर्ग पुन्हा कंपाइल केल्यास इतर वर्ग जुन्याच मूल्यावर चालत राहतात आणि कोणतीही त्रुटी दर्शवली जात नाही. सी शार्प भाषेतील 'कॉन्स्ट' बाबतही स्वतंत्रपणे कंपाइल केलेल्या भागांत असेच घडते.

म्हणून स्वरूपतःच अपरिवर्तनीय असलेली मूल्येच स्थिरांक म्हणून घोषित करणे योग्य ठरते. जीएसटीचा दर वरकरणी स्थिर भासला, तरी शासकीय निर्णयाने तो बदलतो आणि जुन्या बिलांसाठी पूर्वीचा दरही लागतो. असे दर लागू होण्याच्या दिनांकासह डेटाबेसमध्ये ठेवणे इष्ट असते.