ताईच्या कार्डावर लाल स्टिकर आहे का?

ताई बाळंतपणाला माहेरी आली की आपली कामं ठरलेली. स्टँडवरून बॅग आणायची, डोहाळजेवणाचे फोटो काढायचे, रात्री दहाला तिला कैरी खावीशी वाटली तर गावभर फिरायचं. बाकी सगळं 'बायकांचं बायका बघतील'.

यावेळी एक काम जास्तीचं करा. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या आणि वाचा. ते घाईत सासरच्या कपाटातच राहिलं असेल, तर आधी भावजींना फोन लावा. निदान फोटो तरी मागवा. इथल्या डॉक्टरांना तिचं मागच्या सहा महिन्यांचं बीपी दुसरं कोण सांगणार?

कार्डावर लाल स्टिकर असेल तर तिचं बाळंतपण जोखमीचं आहे. कारण काहीही असेल. बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, जुळं, शुगर, आधीचं सिझेरियन. तुझं कारण कोणतं, हे तिलाच विचारा. गंमत म्हणजे (गंमत कसली!) बऱ्याच जणींना ते माहीतच नसतं. बाहेर रांग, डॉक्टर घाईत, 'गोळ्या वेळेवर घे गं' म्हणेपर्यंत पुढचा नंबर. दोनदा विचारायची हिंमत तिला होत नाही, मग तुम्ही सोबत जाऊन विचारा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत होते.

गोळ्यांचंही बघा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही घ्यायची नाही. त्या गोळीनं शौचाला काळी होते म्हणून अनेक जणी गुपचूप बंद करतात. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण खरा दगा देतं ते बीपी. पाचव्या महिन्यानंतर ते वाढतं आणि सुरुवातीला काहीच दुखत-खुपत नाही. मग डोकं दुखायला लागतं आणि थांबत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, काजवे चमकतात. चेहरा, हात अचानक सुजतात. बरगडीखाली, पोटात वरच्या बाजूला दुखतं. यातल्या प्रत्येकाला आपल्या घरात उत्तर तयार असतं. डोकं दुखतंय? ऊन लागलं असेल. पोटात दुखतंय? पित्त झालंय, सोडा घे. सूज? गरोदरपणात येतेच. आजी, काकू, शेजारच्या मावशी, सगळ्यांचं एकमत! तिथं तुम्ही, घरातलं सगळ्यात लहान माणूस, 'आधी बीपी बघू' म्हणालात तर चार बोलणी खाल. खा. पण त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, तरीही सकाळची वाट बघायची नाही.

बीपी हाताबाहेर गेलं तर झटके येतात. अजूनही काही घरांत त्याला 'बाहेरचं' म्हणतात आणि देवऋषाकडे गाडी वळते. ते बाहेरचं काही नसतं. तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात यावर इंजेक्शन असतं, तिथं लवकर पोचणं महत्त्वाचं. आणि बाळ झालं, पेढे वाटले म्हणजे सुटलो असंही नाही. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका असतो, तेव्हा बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर तिलाही तपासून घ्या.

आता एवढंच ठरवा. रात्री दोनला निघायची वेळ आली आणि 108 ला उशीर होणार असेल, तर गल्लीतल्या कुणाची गाडी मिळेल? सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता? गाडीवाल्या काकांना आजच सांगून ठेवा. आणि हो, तुमचा मोबाईल रात्री सायलेंटवर असतो ना? तो तेवढे तीन महिने वाजता ठेवा.