बिरड्याचा रोजा

शोकाचा दिवस पंचांगांत मुद्दाम राखून ठेवावा, हें आपणांस नवल वाटेल. परंतु कोंकणांतील बेने इस्राएल लोक असा एक दिवस पाळीत आले आहेत. त्यांची मायबोली मराठी. म्हणून त्यांनीं त्यास नांवही मराठीच दिलें, बिरड्याचा रोजा. आपल्या यवतमाळाकडे बिरडें हा शब्द फारसा ऐकूं येत नाहीं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेली ती भाजी होय. या रोजाच्या संबंधानें ती खाण्याची चाल असे. तीवरून हें नांव पडलें.

हा दिवस म्हणजे इब्री पंचांगांतील आब महिन्याची नववी तिथि. इ. स. पूर्वी 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेमांतील मंदिर जाळविलें. पुन्हां बांधलेलें मंदिर इ. स. 70 मध्यें रोमी सेनापति तीत याच्या सैन्यानें जाळलें. या दोन्ही आपत्तींचें हें स्मरण होय. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीं रात्र पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य असतें. मंद प्रकाशांत, खालीं बसून विलापगीत वाचितात. त्याच्या पांच अध्यायांपैकीं चार अध्याय इब्री भाषेच्या बावीस अक्षरांच्या क्रमानें रचिलेले आहेत. जणूं दुःख अ पासून ज्ञ पर्यंत पुरतें बोलावें, परंतु मर्यादा सोडूं नये.

मग या शोकाचें मर्म कोणतें? शत्रूस शिव्याशाप देणें सोपें असतें. परंतु यहूदी शास्त्री सांगत आले कीं, दुसरें मंदिर आपसांतील निष्कारण द्वेषामुळें गेलें. रोमी सैन्याची मशाल त्यांस दिसत नव्हती असें नाहीं. तथापि त्यांनीं आधीं स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेतली.

येथें आम्हां ख्रिस्ती लोकांस मान खालीं घालावी लागते. त्याच भग्न मंदिराकडे बोट दाखवून ख्रिस्ती राष्ट्रांनीं यहूद्यांस शतकानुशतकें हिणविलें व छळिलें. आमच्या प्रभूनें तर त्या नगरासाठीं अश्रु ढाळिले, असें लूक सांगतो. दुसऱ्याच्या विपत्तींत त्याचा दोष शोधणें, ही प्रभूची रीत नव्हे.

या रोजानंतरच्या शब्बाथीं यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांतील सांत्वनाचा पाठ वाचितात. शोक खरा असेल तर त्यापुढें आशा असतेच. भिजल्यावांचून वालास मोड येत नाहीं. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. मागें थोडीं राहिलीं. आपणही घरांत, वर्गांत, मंडळींत कांहीं मोडलें असतां, ‘कोणीं मोडलें?’ असें विचारण्यापूर्वीं ‘माझ्या हातून काय घडलें?’ असें विचारूं या.