बाळाचे लाळेरे : निवड आणि निगा

सहा महिने पुरे होऊन बाळाचे उष्टावण उरकले, की मऊ भात, मुगाच्या वरणाचे पाणी आणि नाचणीचे सत्त्व यांतले जेवढे पोटात जाते जवळजवळ तेवढेच गळ्यावरून ओघळते, असा अनुभव घरोघरी येतो. आणि तोवर केवळ लाळ टिपण्यापुरते असलेले लाळेरे दिवसातून तीन-चार वेळा बाळाच्या गळ्यात पडू लागते. दात येण्याचा काळही साधारण हाच असल्यामुळे त्याची लोंबती कड बाळ निःशंकपणे चघळत बसते. म्हणून बाळाची वाटी आणि चमचा आपण ज्या कसोशीने पारखतो, त्याच कसोशीने या क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूचीही पारख व्हावी, हे उचित होय.

पारखीचा आरंभ मात्र रंग आणि चित्रे यांकडे न पाहता गळ्यापाशी करावा. लांब नाड्यांचे लाळेरे खुर्चीच्या वा पाळण्याच्या कोपऱ्यात अडकले, तर त्याचा फास बसण्याचा धोका असतो. यास्तव ओढ बसताच सुटेल असे टिचबटण किंवा वेल्क्रो असलेले लाळेरे बरे. वेल्क्रोची खरबरीत बाजू मानेला घासत नाही, शोभेचे मणी व बटणे ओढून निघत नाहीत आणि बांधल्यावर मानेशी दोन बोटे सहज शिरतात, याची खातरजमा करावी. जेवण संपताच लाळेरे काढावे; ते गळ्यात ठेवून बाळाला निजवणे सर्वथा वर्ज्य समजावे.

गळ्यानंतर प्रश्न येतो द्रव्याचा. स्वस्त, चकचकीत पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट जातीची रसायने मिसळली जातात. त्यांपैकी तिघांचे प्रमाण खेळण्यांत आणि बालसंगोपनाच्या वस्तूंत ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, असा निर्बंध युरोपीय संघाने २००५ साली घातला. ‘डाग न धरणाऱ्या’ लेपांत पुष्कळदा फ्लोरिनयुक्त, निसर्गात दीर्घकाळ न विघटणारी रसायने असतात. याउलट अन्नासाठी योग्य अशा दर्जाचे सिलिकोन उष्णता सोसते, पुसताच स्वच्छ होते आणि पुढे खोबणी असल्यास सांडलेला घास झेलते; मात्र ते मातीत कुजत नाही, म्हणून वर्षानुवर्षे वापरले तरच त्याचे समर्थन होते. बांबूच्या नावाने विकले जाणारे मऊ कापड बहुधा व्हिस्कोज असते, आणि त्याच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइडसारखे विषारी द्रव्य लागते. तेव्हा केवळ वनस्पतीच्या नावावर भुलू नये.

शिक्क्यांचे अर्थही नीट जाणून घ्यावेत. ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ हा दाखला तयार कापडातील अपायकारक द्रव्यांच्या तपासणीचा असून त्याचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे. कापूस सेंद्रिय असल्याची ग्वाही तो देत नाही. ती ‘गॉट्स’ हा सेंद्रिय कापडासाठीचा दाखला देतो, आणि त्यासाठी किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो.

तथापि दाखल्यावाचूनही उत्तम लाळेरे घरीच होऊ शकते. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे तीन-चार पदर एकत्र शिवले, की बाळाच्या हनुवटीला न टोचणारे आणि ओल शोषणारे लाळेरे सिद्ध होते. एवढेच पाहावे की ते कापड पक्क्या रंगाचे आहे आणि धुतल्यावर पाण्यात रंग सुटत नाही.

अशी पाच-सहा सुती लाळेरी आणि पातळ खाण्यासाठी एखादे सिलिकोनचे, एवढ्या सरंजामावर साऱ्या शैशवाचा निर्वाह होतो. जेवणानंतर ती लगेच खळबळून धुवावीत आणि कडक उन्हात वाळवावीत. हळदीचा हट्टी पिवळा डागही उन्हाने फिका पडतो, त्यासाठी तीव्र रसायनांची गरज नाही. पर्यावरणाचा कैवार घेऊन नवनव्या वस्तूंचा ढीग घरात आणण्यापेक्षा असलेले लाळेरे धाकट्या भावंडाला द्यावे, आणि ते अगदीच विरले म्हणजे ओटा पुसण्यास घ्यावे. निसर्गाचे हित साधण्याचा याहून सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग गृहस्थाला क्वचितच सापडेल.