हापशी आली, पाणी तपासले का?

गावाकडची हापशी इतकी ओळखीची आहे, की तिच्यामागे परदेशी मदत होती हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. परदेशी मदत कुठे फसते आणि कुठे टिकते, हे या हापशीच्या गोष्टीतून चांगले कळते.

१९६६-६७ मध्ये बिहार व उत्तर प्रदेशात दुष्काळ पडला. त्या सुमारास युनिसेफने कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रे भारतात आणली. उघड्या विहिरीतील गढूळ पाण्यामुळे हगवण, कॉलरा आणि नारू होत असे. झाकलेल्या बोअरमुळे हा धोका कमी होणार होता. पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले होते. अख्खे गाव त्यावर पाणी भरू लागल्यावर ते मोडू लागले. सत्तरच्या दशकातील पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पंप बंद पडला की बायका पुन्हा जुन्या विहिरीवर जात आणि आजारही परत येत.

यावरचा तोडगा महाराष्ट्रात सापडला. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कारागिरांनी पोलादी पंप तयार केले होते. सोलापूरच्या पंपाचा आराखडा पुढे धरून भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासमधील अभियंत्यांनी ‘इंडिया मार्क-२’ घडवला. त्यावर पेटंट घेतले नाही आणि मापे प्रमाणित केली. त्यामुळे अनेक कारखाने तो बनवू लागले व सुटे भाग सहज मिळू लागले. पुढे हाच पंप आफ्रिकेतल्या गावांतही पोहोचला.

मात्र बोअरच्या पाण्यातून एक नवे दुखणे आले. जंतू कमी असले तरी काही ठिकाणी खडकातील फ्लोराइड त्या पाण्यात उतरते. विदर्भात चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील अनेक गावांना त्याचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात. पुढे सांधे आखडतात, हाडे वाकतात. झालेली हानी भरून येत नाही.

यावर आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने एक सोपी पद्धत विकसित केली. पाण्यात ठरावीक प्रमाणात चुना व तुरटी घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. ‘नळगोंडा पद्धत’ या नावाने ती टांझानियापर्यंत गेली. तिची अडचण एकच आहे. माप रोज अचूक लागते आणि गाळाची विल्हेवाट रोज लावावी लागते. ही जबाबदारी गावात कुणीतरी घेतली नाही, तर पद्धत कागदावरच राहते.

पैसा परदेशातून आला काय किंवा दिल्लीहून आला काय, किती बोअर खोदल्या हे मोजणे सोपे असते. पाच वर्षांनी त्यातल्या किती चालू आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे मात्र गावालाच विचारावे लागते.

तुमच्या गावातील मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील, तर ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या तपासणीचा आग्रह धरा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तपासणीत फ्लोराइड जास्त आढळले, तर ते पाणी धुण्या-भांड्यांसाठी ठेवा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत शोधा.