खाद्यफुलांचा ताजेपणा आणि शीतसाठवण

बंगळुरू हे देशातील फुलव्यापाराचे एक प्रमुख केंद्र आहे. १९६७ साली स्थापन झालेली भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थाही शहरालगत हेसरघट्टा येथेच आहे. मात्र सजावटीची फुले टिकविण्याचे तंत्र खाण्याच्या फुलांना जसेच्या तसे लागू करता येत नाही.

तोडणीनंतरही फुलांचे श्वसन चालू राहते. साठलेली शर्करा खर्च होते, पाणी उडून जाते व पाकळ्या कोमेजतात. अनेक फुलांत एथिलीन वायूमुळे ही क्रिया अधिक वेगाने घडते. तापमान १० अंशांनी वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणतः दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणूनच सकाळच्या गारव्यात तोडणी व त्यानंतर तत्काळ पूर्वशीतन आवश्यक ठरते.

सजावटीच्या फुलांवर एथिलीनचा परिणाम होऊ नये म्हणून सिल्व्हर थायोसल्फेटचा वापर करतात. हे द्रव्य विषारी असल्याने खाद्यफुलांसाठी वर्ज्य आहे. त्यामुळे थंडी, आर्द्रता आणि वेष्टन यांवरच मुख्य भिस्त राहते. पॅन्सी व नॅस्टर्शियमची फुले ० ते २.५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दोन आठवडे टिकू शकतात; तापमान वाढताच हा अवधी घटतो. सापेक्ष आर्द्रता ९० ते ९५ टक्के असावी. परंतु पाकळ्यांवर पाणी साचल्यास बुरशी वाढते. एथिलीन सोडणारी केळी, सफरचंदे अशी फळे त्याच कक्षात ठेवू नयेत.

शीतगृह ताजेपणा टिकविते. कीटकनाशकांचे अवशेष मात्र नाहीसे करीत नाही. म्हणून खाद्यफुलांची लागवड, हाताळणी व साठवण प्रारंभापासूनच स्वतंत्रपणे होणे गरजेचे आहे.