गल्ली मोजणारा माणूस

गाव म्हटलं की चार वल्ली आल्याच. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या बाजारपेठेच्या गावातही त्या होत्या. खासबागेत हरलेली कुस्ती दरवेळी नव्या डावानं जिंकून सांगणारा एक पैलवान होता. धार काढताना म्हशीशी इंग्रजीत बोलणारे एक पेन्शनर मास्तर होते. ‘मराठी सगळ्यांना कळतं, गुपित हिच्यापाशीच राहतं,’ असं ते म्हणायचे.

पण आम्हा पोरांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे तो मोजणारा. एसटीतून उतरणारी माणसं तो बोटांवर मोजायचा. सांज झाली की गल्लीत दारोदार ‘घरात किती हायसा?’ म्हणून विचारायचा. बायका हातावर भाकरी ठेवून आकडा सांगायच्या. आम्ही मुद्दाम चुकीचा सांगायचो. मग तो पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, हादरे कोल्हापूरपर्यंत बसले. आमची सारी गल्ली घोंगडी पांघरून अंधारात रस्त्यावर आली. जो तो आपापली पोरं चाचपत होता. हा मात्र कंदील घेऊन सगळ्यांना मोजत फिरत होता.

‘एक कमी हाय. म्हातारी कुटं हाय?’

कोपऱ्यावरच्या घरात एकटी राहणारी बहिरी म्हातारी आतच होती. भिंत सरकून दार अडकलं होतं. चार गड्यांनी दार उचकटून तिला बाहेर आणलं. त्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला, तेव्हा मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला.

पट्टणकोडोलीचे शंकर पाटील (१९२६–१९९४) अशीच गावची माणसं कथांत घेऊन आले. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर ते कथाकथन करीत, तेव्हा श्रोते खदखदून हसत. पण हसता हसता त्या माणसाची अडचणही कळायची. आमच्या मोजणाऱ्याला असा लेखक भेटला नाही.

आता गल्लीत स्लॅबची घरं झालीत. शेजारी किती माणसं राहतात, हे विचारलं तर चटकन सांगता येत नाही. त्याच्या माघारी ते काम कुणी उचललंच नाही.

तुमच्याही गावात असा कुणी असेल. त्याची गंमत जरूर सांगा, पण गावाचं कुठलं काम तो करीत होता, तेही पोरांच्या कानावर घाला.